साडूंचं उंच हँडल

मखमलाबादच्या मळ्यांत माझ्या साडूंइतका स्वतःच्या हातांवर विश्वास असलेला माणूस दुसरा झाला नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. लिहिलं की हँडलाची गोष्ट खरी सांगावी लागणार, आणि ती मी बायकोलाही सांगितलेली नाही.

बाजारातून आणलेली कुठलीही वस्तू साडूंना अर्धवट वाटायची. "कंपनीनं तिचं काम केलं, आता आपलं राहिलं," असं म्हणून ते पाना-पक्कड घेऊन बसत. नव्या खुर्चीचे पाय त्यांनी चार बोटं कापले, कारण त्यांना टाचा टेकवून बसायचं होतं. चष्मा नाकावरून घसरतो म्हणून त्याच्या काड्या काढून नाडी लावली आणि तसेच एका लग्नात मिरवले. मेहुणी लाजेने दुसऱ्या पंगतीत जाऊन बसली, तर हे तिकडून ओरडले, "अगं, कंपनीला काय ठाऊक माझं नाक कसलं हे?"

साडू झेंडू लावत आणि मोटारसायकलवरून फुलबाजारात नेत. एक पाटी मागे, एक पुढे टाकीवर. पुढच्या पाटीला कवेत घेऊन हँडल धरताना त्यांची कोपरं दोन्हीकडे पंखांसारखी निघत. मग त्यांनी ठरवलं, हँडलच पाटीच्या वर न्यायचं. अंगणात गाडीवर बसून त्यांनी हात हवेत धरले आणि मेहुणीला भिंतीवर खडूने खूण करायला लावली.

"अजून वर घ्या की, आभाळाला लागतील," मेहुणी म्हणाली.

"खूण कर गुमान! आरती नाय ओवाळायची, गाडी चालवायची हे."

पाइपात वाळू ठासून, तापवून, त्यांनी तो स्वतः वाकवला. लांब केबली करून आणल्या. मी तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायचो, म्हणून मदतीचा मान मला.

खंडेनवमीच्या दुपारी हँडल बसलं. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या चार बोल्टांपैकी दोन त्यांनी आवळले, पाना पेटीत टाकला आणि दसऱ्याची फुलं तोडायला निघाले. "उरलेले दोन तुम्ही आवळा, मास्तर. तुमच्या हातचं मला तपासावं लागत नाय."

मी दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवून बसवले आणि पाना घ्यायला वळलो, तर पेटी जागेवर नव्हती. मेहुणीने सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. "दाजी, आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही हं." मी पुढे केलेला हात मागे घेतला. पूजा झाल्यावर तिने गाडीलाही हार घातला, नेमका त्या क्लॅम्पवर.

संध्याकाळी साडूंनी विचारलं, "झालं का, मास्तर?"

काम राहिलंय म्हणायची मला लाज वाटली. "झालं," मी म्हणालो. मुक्काम तिथेच होता; सकाळी उठून आवळू, असं मनाशी ठरवलं. सकाळी उठलो तेव्हा गाडी बाजाराला गेली होती.

नाक्यावर गाय आडवी आली. साडूंनी ब्रेक दाबला, अंगाचा भार हातांवर आला आणि हँडल पुढे लोळलं. मी पोचलो तेव्हा मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन ते झेंडूच्या राशीत बसले होते. मला पाहून ओशाळं हसले. "गाय वाचली, मास्तर. माप माझंच चुकलं. लय उंच केलं मी."

मनगट दीड महिन्यात जुळलं. पण त्यानंतर त्यांनी कशालाच पाना लावला नाही. नळ गळला तर माणूस बोलवायचे. चष्मा साधा आणला आणि दिवसभर तो बोटाने वर सारत बसायचे. मेहुणी म्हणायची, "शहाणे झाले एकदाचे." तेव्हा माझ्याने तिच्याकडे बघवत नसे.

ते गेले त्याच्या महिनाभर आधी मी वाक्य पाठ करून भेटायला गेलो होतो: ते दोन बोल्ट मी ढिले ठेवले होते, तुमचं माप बरोबर होतं. साडू खाटेवर पडून होते. मी टेकलो तशी खाट करकरली.

"पाय ढिला झालाय तिचा," ते म्हणाले. "जरा आवळता का? माझ्या हाताचा आता भरवसा नाय."

मी पाना घेऊन खाटेखाली शिरलो. बोल्ट आवळला, पुन्हा आवळला, तिसऱ्यांदा तपासला. तिथून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बोलायला याहून सोपी जागा मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं.

"झालं का, मास्तर?" वरून आवाज आला.

"झालं," मी म्हणालो.