चिंचेने घासलेली चिनी फुलदाणी

आमच्या बडोद्याच्या घरी एक चिनी फुलदाणी आहे. काशाची, हातभर उंच, मधे फुगीर आणि वर कर्ण्यासारखी पसरलेली. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि महाराजांनी ती त्यांना स्वहस्ते दिली, अशी घरातली कथा. वडील ती प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि दर सांगण्याला महाराज आणखी प्रसन्न होत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासते, त्यात हीसुद्धा असायची. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला सासूबाईंनी सांगितलं होतं, "हिच्यात तोंड दिसलं पाहिजे." आजी गेली, पण आईने हुकूम मोडला नाही. फुलदाणीशेजारी समई फिकी पडायची.

गेल्या वर्षी वडिलांनी ठरवलं, ही पणजोबांच्या नावाने संग्रहालयाला द्यायची. आपल्यामागे सांभाळणार कोण, असं म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मग बडोद्यातल्याच अकोट्याच्या एका ओळखीच्या बाईंना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर कलेचा इतिहास शिकवलेला. त्यांनी फुलदाणी उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, चीज तो सरस छे, पण आने घस्युं कोणे?"

ती घासणारी आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

बाईंनी सांगितलं ते असं. हा घाट मूळचा विधीत मद्य अर्पण करायच्या फार जुन्या चिनी पात्राचा. पुढे कित्येक शतकांनी तिथल्या कारागिरांनी त्याच घाटाच्या फुलदाण्या ओतल्या. पूर्वजांच्या नावाच्या पाट्यांपुढे पाच वस्तू मांडत: मधे धूपदाणी, दोन्हीकडे दिवे आणि कडेला दोन फुलदाण्या. म्हणजे आमचीला कुठेतरी जोडीदारीण होती. जुनेपण दिसावं म्हणून अशा फुलदाण्यांवर मुद्दाम काळसर रंग चढवत, कधी बुडावर बादशहाच्या कारकिर्दीची मुद्राही उमटवत. आमच्या फुलदाणीचा रंग गेला होता आणि मुद्रेच्या जागी दोन पुसट रेघा उरल्या होत्या. महाराजांविषयी बाई एवढंच म्हणाल्या, की अशा वस्तू व्यापाऱ्यांकडूनही पुष्कळ यायच्या. संग्रहालय आता ही घेईल असं त्यांना वाटत नव्हतं.

वडिलांची जीभ तिखट. आता आईची धडगत नाही, असं मला वाटलं. बाई गेल्यावर ते म्हणाले, "दारूचं भांडं, आणि देवाच्या भांड्यांत घासत होतीस! सगळं धुऊन टाकलंस."

"मला कुणी सांगितलंच नाही हो," आई म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिने फुलदाणीला हात लावला नाही, धूळ झटकायलासुद्धा नाही. त्या खोलीत गेली की ती दुसरीकडेच बघायची. मला वडिलांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांना स्वतःचा आला असावा, कारण पाहुण्यांना कथा सांगणं त्यांनी बंद केलं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईने मागच्या ओट्यावर भांडी काढली. फुलदाणी त्यांत नव्हती. वडील उठले, आतून ती घेऊन आले आणि गुडघे धरत पाटावर बसले. ज्या माणसाने जन्मात चमचा विसळला नाही, त्याने चिंचेचा गोळा उचलला.

"अहो, हे काय? राहिलंय तेही जाईल," आई म्हणाली.

"जाऊ दे. आपल्या घरात दसऱ्याला भांडी काळी राहत नाहीत."

आई थोडा वेळ त्यांचे ते आडवेतिडवे हात बघत राहिली. मग तिने पदर खोचला.

"द्या इकडे. ओरखडे पाडाल."