स्क्रिप्टला घर कळेना

विलीनीकरण चालू असलेल्या ऑफिसात कामं तुंबतात आणि किस्से मात्र भराभर साठतात. आमच्या ग्वाल्हेरच्या, सिटी सेंटरमधल्या ऑफिसचं इंदूरशी विलीनीकरण झालं, त्या वर्षी तर विचारूच नका.

डीलर लोकांना आपोआप पत्रं पाठवणारी आमची कॉम्प्युटरवरची स्क्रिप्ट. ग्वाल्हेरला चालली तर नुसती चाचणी, इंदूरच्या सर्व्हरवर चालली तर पत्रं खरीच जाणार. आपण कुठे चालतोय हे तिला ओळखता यावं, ही जबाबदारी पवारवर होती. जन्मापासून ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यात राहणारा हा पवार. त्याला इंदूरला बदलीची भयंकर धास्ती.

* * *

पहिली युक्ती म्हणजे मशीनचं नाव बघायचं. ‘ग्वाल्हेर’ असेल तर आपण घरी.

मग आमची तीच मशीन खोक्यात घालून इंदूरला पाठवली गेली. नाव कुणी बदललंच नाही. चार दिवस ती तिथे बसून घरीच असल्यासारखी चाचणी करत राहिली. इंदूरहून फोन आला, “मशीन भेजी है, या मायके आई है?”

* * *

दुसरी युक्ती. स्क्रिप्ट विचारणार, “कोणी आहे का?” मिनिटभरात उत्तर नाही आलं तर आपण इंदूरला.

पवार चहाला गेला आणि उत्तर न मिळाल्याने स्क्रिप्टने स्वतःला इंदूरला समजलं. चाचणीच्या पत्रात त्याने आमच्या साहेबांना उद्देशून गमतीत लिहिलं होतं, ‘आपटेसाहेब, आज जल्दी छोड़ दीजिए.’ ते दोनशे डीलरांना गेलं. मुरैन्याच्या एका भल्या माणसाने उत्तर पाठवलं, “हमारी तरफ से छुट्टी है.”

आमच्या ऑफिसातल्या खांडेकरबाई म्हणाल्या, “लाइट गेली की समजायचं, आपण ग्वाल्हेरलाच आहोत. एवढं कशाला?”

शेवटी पवारने मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता तपासायला घेतला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

* * *

मग वरून हुकूम आला. ज्यांचं मूळ गाव ग्वाल्हेर ते इथेच राहतील, बाकीचे इंदूरला. यादी काढायचं काम अर्थातच पवारकडे. त्याने नोकरीच्या फॉर्मवरचं मूळ गाव तपासणारी स्क्रिप्ट लिहिली. ती पहिल्याच फटक्यात बिनचूक चालली.

बदलीच्या यादीत पहिलं नाव पवारचं.

साहेबांनी फॉर्म काढला. मूळ गाव: सातारा.

“साताऱ्याला कोण आहे तुझं?”

“कोणी नाही, साहेब. आजोबांनीसुद्धा पाहिलेलं नाही.”

मला त्याची खरंच दया आली. आपटेसाहेबांनाही आली असावी. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. “खोड ते. ग्वाल्हेर लिही. आत्ता बदली थांबवतो.”

पवारने पेन घेतलं. ‘सातारा’वर टेकवलं. मग पेन टेबलावर ठेवलं.

“साहेब, एक बार बाबांना विचारून येतो.”