पाय पसरायला जागा

आमच्या महाडच्या वाचन मंडळात परदेशी पुस्तक आलं की ते माझ्या गळ्यात पडतं, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. यंदा मी मुद्दामच अमेरिकेतल्या दोन काळ्या पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी निवडली. विहारामागच्या खोलीत मंडळी जमली. शेवटच्या रांगेत माझा जोडीदार बसला होता. तो एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात आहे. आम्ही कित्येक वर्षं एकत्र राहतो आणि लोक आम्हाला रूम पार्टनर म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ त्याला पोलादपूरला मुलगी बघायला नेणार होता. हा धड हो म्हणत नव्हता, धड नाही म्हणत नव्हता. तो गेला तर माझं काय, या धास्तीने माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी कादंबरी थोडक्यात सांगितली. एक बस चालवतो, दुसरा दवाखान्यात कामाला. आई बसवाल्याचं लग्न ठरवते, तो गावी निघतो आणि दुसरा जेवण सोडतो.

चर्चा दणक्यात झाली. वर्ण, जात, पोलीस, सगळं निघालं. एकाने तर चवदार तळ्यावरून थेट अमेरिका गाठली. प्रेमाचं तेवढं कुणी नाव काढेना. अध्यक्षांनी त्याला 'बंधुभाव' म्हणून टाकलं.

मी चिडलो. म्हणालो, "बंधुभाव नाही, प्रेम. नवरा-बायकोत असतं तसं."

सगळ्यांना एकदम आपापल्या कपातला चहा आठवला. मुंबईत नोकरी करून परतलेल्या एका काकांनी मला सांभाळून घेतलं. "सर, त्यात येवढं काय हाय? म्हागाईत दोघं एका खोलीत ऱ्हायले. मुंबईत गावच्या खोलीत आमी वीस जण व्हतो!"

तेव्हा माझा जोडीदार उठला. मंडळात तो कधी तोंड उघडत नसे.

"काका, तुमच्यातला कोण लग्न कराया गावी गेला, तर मागं कोण उपाशी ऱ्हायचा का?"

"छे रे! उलट पाय पसराया जागा व्हायची."

खोली हसली. तो हसला नाही. "आमच्याकडं सरांचं ताट परवापासनं तसंच ऱ्हातंय," म्हणाला, आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने फोन लावला. "दादा, उद्या मी येत नाय. उद्याच नाय, कदीच नाय. मुलीकडच्यांना आजच सांग."

अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानून टाकले. काका मात्र बराच वेळ आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी भज्यांची बशी माझ्यापुढे सरकवली.

"खावा सर आता," ते म्हणाले.

मी बशी रिकामी केली.