छतावरच्या पंख्याची कंपनी

आत्या तिला लहानपणापासून 'रुखरुख' म्हणायची. गणितात पैकीच्या पैकी मिळाले, की बाकीची मुलं नाचायची. ही मात्र तपासणाऱ्याच्या नजरेतून काही सुटलंय का, म्हणून पेपर पुन्हा चाळत बसायची. असल्या स्वभावाचं घरात कुणाला कौतुक नसतं, पण एका गुंतवणूक कंपनीला होतं. कोणते शेअर घ्यावेत हे सांगणारी गणितं, त्यांच्या भाषेत मॉडेलं, बनवायची आणि मागच्या पंचवीस वर्षांच्या भावांवर चालवून बघायची, हे तिचं काम. जे मागे फसलं नाही ते पुढेही फसणार नाही, या भरवशावर तो सगळा धंदा चालतो.

यंदा तिचं मॉडेल भलतंच चाललं. सपाटून पडलेले शेअर हेरायचे आणि ते वर येण्याची वाट बघायची, एवढीच त्याची युक्ती. जुन्या भावांवर ते जवळजवळ दरवर्षी जिंकलं. साहेब खूश झाले. सोमवारपासून निवृत्त बसचालकांच्या पेन्शनचा निधी या मॉडेलवर चालणार आणि ती विभागप्रमुख होणार, असं ठरलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि हिची भूक मेली. नफ्याचा आलेख कसा, लोण्यासारखा गुळगुळीत. इतकं गुळगुळीत खरं असतं का काही? तिनं सूत्रं तपासली, तारखा तपासल्या, दलालीसुद्धा धरली. कुठेच काही सापडेना.

"अहो, चूक सापडत नाही म्हणजे चूक नाही," साहेब म्हणाले. "घरी जा, झोपा."

झोप कुठली यायला. रविवारी दुपारी ती वडिलांकडे गेली आणि तिथेही तिच्या खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझाऱ्या सुरू झाल्या.

"बस की जरा," पलंगावर आडवे झालेले बाबा म्हणाले. "तुझ्याकडे बघून माझी मान दुखायला लागली."

ती बसली, मान मागे टाकली. वर पंखा फिरत होता. बाबांची सगळी नोकरी या पंख्यांच्या कारखान्यात गेली. कारखान्याला टाळं लागून किती वर्षं झाली, पंखा मात्र अजून कुरकुरत चालतोय. काही कारण नसताना तिनं लॅपटॉप उघडून मॉडेलच्या यादीत त्या कंपनीचं नाव शोधलं. नव्हतं. पुन्हा शोधलं.

"बाबा, तुमची कंपनी शेअर बाजारात होती ना?"

"होती म्हणजे? पगारातून घेतले होते की मी. भाव पडला तसे आणखी घेतले. आज ना उद्या वर येईल म्हणून."

तिला एकदम आठवलं. अगदी सुरुवातीला, डेटा साफसूफ करताना, तिनंच एक ओळ लिहिली होती: आजचा भाव नसेल ती कंपनी गाळा. रिकाम्या जागा नकोत, एवढाच हेतू. पण बुडालेल्या कंपनीला आजचा भाव कुठून असणार? बुडाल्या तेवढ्या सगळ्या गळल्या होत्या. तरलेल्यांनाच विचारून तिचं मॉडेल छातीठोक सांगत होतं, की पडलेला उठतोच.

तिनं ती ओळ काढली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. गुळगुळीत रेघ मध्येच मोडली आणि खाली गेली ती गेलीच. तिला रडू आलं. खुर्ची गेल्याचं दुःख होतं, ते ती नाकारणार नव्हती. पण सोमवारनंतर कळलं असतं तर त्या म्हाताऱ्या चालकांचं काय झालं असतं, हा विचार त्याहून जड होता. डोळे पुसून तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, उद्या सुरू करू नका. चूक आहे, आणि माझीच आहे."

"काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"उद्या लवकर या," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता यादीत बाबांची कंपनी आली होती. मॉडेलनं तिच्याबद्दल काय म्हटलंय ते तिनं बघितलं. भाव पडला: घ्या. आणखी पडला: आणखी घ्या. टाळं लागण्याच्या आदल्या आठवड्यातही, घ्या. ते शेअर मातीमोल झाले तेव्हा ती कॉलेजात होती, आणि "तुम्हाला आकड्यातलं काही कळत नाही," असं या माणसाला भर घरात, आईसमोर म्हणाली होती.

"काय म्हणतंय तुझं गणित?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणत होता तेच. शेवटपर्यंत."

बाबा पंख्याकडे बघत राहिले.

"मग त्याला फार बोलू नकोस," ते म्हणाले. "मला बोलली होतीस तेवढं."