सुनंदाचे डाग

सुनंदा गेल्याचं मला आरमोरीच्या बसस्टँडवर कळलं. तिच्या भावाचा फोन आला, "बाई, सुनंदाताई गेली..." आणि माझी बस सुटली तरी मी तिथंच उभी. सावली गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी चंद्रपुरात फिजिक्स शिकवू लागले आणि ती संशोधनाला दूर गेली. हट्टी तर अशी, की विचारू नका!

ऐंशीच्या दशकात क्वांटम हॉल हा विषय नवाकोरा होता. अर्धवाहकाचा तुकडा अतिशय थंड करून जबर चुंबकात ठेवला आणि चुंबकाचा जोर वाढवत नेला, की त्याचा हॉल रोध, म्हणजे प्रवाहाला आडवा मोजलेला विद्युतरोध, पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो आणि प्रत्येक पायरी अगदी सपाट येते. सुनंदाची पायरी मात्र तिरपी यायची. तिच्या मार्गदर्शक सरांनी तुकडाच खराब ठरवला आणि विषय बदलायला सांगितलं. संशोधन सोडून बी.एड. करावं, असं मनात घेऊनच ती धानकापणीच्या दिवसांत घरी आली.

"तुकडा चांगला हाय," धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून ती म्हणाली, "खराब माहे डाग हायेत." डाग म्हणजे तुकड्याला तार जोडणारे धातूचे थेंब. मागून तिची आई म्हणाली, "इतकी शिकली, अन् डाग लावून राह्यली?" आम्ही हसून हसून लोळलो. मग मी विचारलं, "पण करंट तर जाऊन राह्यला ना?"

"जाते, पण सारा नाई. चुंबकात इलेक्ट्रॉन कडेकडेनं चालते, आपण धुऱ्यानं चालतो तसा. वाटेत त्याले कोणी अडवत नाई. अडवते ते दारात, डागापाशी. वाईट डाग काहीले आत घेते, काहीले बाहेरूनच पुढं लोटते. मंग माप चुकते."

"अन् चांगला डाग?"

"जो आला त्याले आत घेते. कोठचा हाय, विचारत नाई..." आम्हा बौद्ध पोरींना गावातली कोणती दारं अंगणातूनच परत पाठवत, ते दोघींनाही ठाऊक होतं. "मले असा डाग जमलाच पाह्यजे," ती म्हणाली.

सरांनी शेवटची एक संधी दिली. डाग पुन्हा तापवून धातू आतल्या थरापर्यंत मुरवायचा होता. जास्त तापला तर तुकडा संपला, आणि तिचं संशोधनही. तिनं तापवला. पुढच्या सुट्टीत रस्त्यावरूनच ओरडत आली, "पायरी सपाट आली वं! खळ्यासारखी!" तेव्हाचा तिचा चेहरा आठवला की आजही मला बरं वाटतं.

परवा शोकसभेआधी तिच्या प्रयोगशाळेत गेले. कोरपन्याकडची तिची एक विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. मला हुंदका आला. तिनं मान वर केली नाही.

"थांबा बाई, डाग बसून राह्यला. मॅडम म्हणत, आधी डाग, मंग रड."

मी रुमाल हातात धरून थांबले. डाग नीट बसला. मग आम्ही दोघी पोटभर रडलो.