होडीतल्या कपाटाच्या कडा

"कपाट विरघळतंय! अरं, तुझं कपाट विरघळतंय!"

भावजी होडीतून ओरडत होते आणि मी रोह्याच्या धक्क्यावर बहिऱ्याचं सोंग घेऊन उभा होतो. त्या आवाजाने पलीकडच्या काठावरचे बगळे उठले ते आजवर परतलेले नाहीत.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोलवीच्या कंपनीतली कंत्राटी शिफ्ट सोडून त्यांनी मासेमारीची एक जुनी होडी घेतली. दिवाळीपासून पाहुण्यांना खाडीत फिरवायचं, होडीतच चहा-भजी द्यायची. बहिणीने कपसुद्धा निवडून ठेवले होते. सुताराने प्लायचं कपाट आणि ओटा जोडून दिला, आणि जाताना बजावलं, "कडा उघड्या ठेवू नका. प्लाय पाणी पितं ते कडेनं. सागाची पट्टी मारा, मागच्या कडा इपॉक्सीनं भरा."

"मिस्त्री, पेणचा हात हाय हा," मी म्हटलं. "गणपतीच्या बोटांची नखं काढतो मी. तुमची कड ती काय!"

गणपती नुकते गेले होते, कारखाना रिकामा, हात शिवशिवत होते. प्लायची कच्ची कड म्हणजे नुसते पापुद्रे, मधे मधे भोकं. मी आपलं मूर्तीच्या भेगा बुजवायचंच लुकण मळलं : शाडूची भुकटी, खडूची पूड, डिंक. अंगठ्याने दाबलं, पॉलिश पेपर मारला, पुन्हा दाबलं. वर मोतिया रंग. कड अशी झाली, की माशी बसली तर घसरून खाडीत पडायची. दोन-तीन बुडाल्याही असतील.

"हे संगमरवर कुठनं आणलंस?" भावजींनी विचारलं.

"इटलीहून," मी म्हणालो.

मागच्या कडांना मी हातही लावला नाही. मूर्तीची पाठ कोण बघतं?

होडी पाण्यात गेल्याच्या चौथ्या दिवशी ती बोंब उठली. आत गेलो तर तळाला दूध सांडल्यासारखं पांढरं पाणी, आणि प्लायचे पापुद्रे भिजलेल्या वहीसारखे उलगडलेले. दरवाजा इतका फुगलेला की आतला चहाचा डबा अजून तुरुंगात असेल. जन्मभर मी जे लुकण मळलं ते विरघळण्यासाठीच. जितकं लवकर विरघळेल तितकं गिऱ्हाईक खूश. हातांनी नेहमीचंच काम केलं. ही होडी आहे, हे हातांना मी सांगायला हवं होतं.

"दिवाळी गाठणार का रं?" बहिणीने विचारलं.

"आठ दिवसांत नवं करतो गो ताई!"

भावजी फुगलेल्या दरवाज्याला टेकून खाली बसले.

आठ दिवस म्हणालो आणि लाजेने तोंड लपवत गेलो महिन्याने, दिवाळी उलटल्यावर. इपॉक्सीचा डबा मांडीवर, सागाच्या पट्ट्या एसटीच्या खिडकीतून बाहेर. इतक्या लांब, की एक टोक वाटेतल्या गडब गावाला पोचलं तरी दुसरं पेणमध्येच. कंडक्टर हसला, मीही हसलो.

धक्क्यावर होडी नव्हती. घरी गेलो तर भावजी अंगणात कंपनीचा निळा सदरा वाळत घालत होते.

"भावजी, सगळं आणलंय. ह्या वेळी मागच्या कडासुद्धा भरतो. होडी कुठं हाय?"

"कोलाडच्या हाटेलवाल्यानं इकत नेली. दारात ठेवून माती भरणार हाय, झाडं लावाया."