एक हजार नऊचा भागाकार

उरणच्या बंदरात तीस वर्षं पोती वाहून काशिराम कोळी सुकापूरला मुलाकडे राहायला आला. पाठ गेली होती, काम पुरं करायची खोड तेवढी राहिली होती.

जवळच पनवेलच्या वाचनालयात कमलाकर मास्तर दर शनिवारी फळ्यावर एक मोठी संख्या लिहीत. ती दोन लहान संख्यांच्या गुणाकारात फुटते, की मूळ संख्या आहे, हे जो दाखवील त्याचं नाव आठवडाभर फळ्यावर राही. चार महिने तिथे एकच नाव होतं : इक्बाल शिंपी. हा गृहस्थ हनुवटीला हात लावून फळ्याकडे बघे, उत्तर सांगे आणि चहा पिई. कपाळावर घामाचा थेंब नाही. काशिरामला ते बघवत नसे.

२००९च्या जानेवारीत इक्बाल भाचीच्या लग्नाला म्हसळ्याला गेला. त्या शनिवारी मास्तरांनी लिहिलं : १०,२२,११७. वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, पुढे गरज नाही, असंही सांगितलं. काशिरामने वर्गमूळ अंदाजानेच धरलं, हजार. बंदरात हजार पोती झाली की थप्पी बंद होई. पुढचं पोतं दुसऱ्या थप्पीचं. त्याला हजार म्हणजे शेवटच वाटला.

हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट. त्याने दोन आणि पाचचेही भागाकार मांडले. प्रत्येक दोनदा केला, गुणून ताडून पाहिला. पाच दिवस बोटं आखडली. ९९७नेही बाकी उरली, तेव्हा त्याने वही मिटली. फळ्यावर आपलं नाव त्याला आत्ताच दिसायला लागलं होतं.

शनिवारी तो 'फुटत नाय' म्हणून खडू उचलतो न उचलतो, तोच इक्बाल दारात. त्याने हनुवटीला हात लावला.

"काशिरामभाऊ, एक हजार नऊने भागलंत?"

काशिराम फळ्याकडे वळला. सगळ्यांसमोर त्याने सावकाश भागाकार मांडला. बाकी शून्य. भागाकार १०१३.

"तू किती भागाकार केलास?" त्याने विचारलं.

"एकही नाही. बाजू एक हजार अकराचा चौरस कपडा समजा. एका बाजूने दोनची पट्टी कापून दुसऱ्या बाजूला जोडा. एक हजार नऊ बाय एक हजार तेराचा तुकडा होतो; दोन बाय दोनचे चार उरतात, ती कतरण. आपला आकडा त्या चौरसाहून बरोबर चारने कमी आहे."

संख्या फुटली, याचं काशिरामला एवढं लागलं नाही. 'एकही नाही' हे लागलं.

मास्तरांनी इक्बालचं नाव लिहिलं. "माझे एकशे एकोणसत्तर बी लिवा," काशिराम म्हणाला. मास्तर हसले. इक्बाल हसला नाही. त्याने खडू घेतला आणि आपल्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं : काशिराम कोळी, १६९ भागाकार.

काशिराम वही काखेत मारून बाहेर पडला. मेल्याचं मनही एवढं मोठं असायची काय गरज होती, हेच त्याच्या डोक्यात सुकापूरपर्यंत चालू होतं.